जनरल स्टिलवेल आणि दोस्त सेनानायकांतील बेबनाव (१९४२–४४)

ऑक्टोबर १९४४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टने जनरल जोसेफ स्टिलवेल याला चीनमधून परत बोलाविले, तेव्हा त्याच्या एकट्याच्या जागी तीन सेनानी नेमावे लागले. चीनमधील अमेरिकन सैन्य आणि चँग कै-शेकच्या चीफ ऑफ स्टाफचे पद वेडेमायरकडे गेले. हिंदुस्थान व ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) येथील अमेरिकन सैन्य सुलतानकडे सोपविण्यात आले. आणि आग्नेय आशियाचा सरसेनापती लॉर्ड माउंटबॅटन याच्या दुय्यमाची जागा व्हीलरला मिळाली. ज्या युद्धक्षेत्राला तोवर ‘चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान’ असे एकच नाव होते, त्याचीही त्याच वेळी दोन शकले करण्यात आली.

स्टिलवेल-प्रकरणाची चर्चा करणारे ग्रंथकार या फेरवाटणीचा उल्लेख बहुधा शेवटच्या प्रकरणात, ओझरता करून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाची किल्ली तीच आहे. स्टिलवेल तोंडाळ होता, चँग संशयी होता, ब्रिटिशांना चीनच्या लढाईविषयी आस्था नव्हती, ही विधाने आपापल्या परीने खरी आहेत. परंतु स्वभाववैशिष्ट्यांच्या बळावर अडीच वर्षांच्या कलहाची संगती लावू पाहिले असता पुष्कळसे उरते. जे उरते ते त्या अधिकारपदाच्या रचनेत शोधावे लागते.

प्रथम माणसाविषयी थोडेसे. स्टिलवेलचा जन्म १८८३ चा. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी शिक्षण त्याने १९०४ मध्ये पुरे केले. १९२० पासून तीन वेळा त्याची नेमणूक चीनमध्ये झाली. तो चिनी भाषा शिकला, पायी व रेल्वेने तो देश हिंडला आणि १९३५ ते १९३९ या काळात अमेरिकेचा सैनिकी प्रतिनिधी म्हणून चीन-जपान युद्धाचा प्रारंभ त्याने प्रत्यक्ष पाहिला. चिनी शिपायाविषयी त्याला मनःपूर्वक आदर होता आणि चिनी वरिष्ठ अधिकाऱ्यांविषयी तितकाच तिटकारा. ‘व्हिनेगर जो’ हे नाव फोर्ट बेनिंगच्या सैनिकी शाळेत असताना त्याच्या एका विद्यार्थ्याने काढलेल्या व्यंगचित्रावरून पडले. ते त्याला आवडलेही होते, यावरून स्वभावाची कल्पना यावी. त्याच शाळेत जॉर्ज मार्शलशी त्याचा निकटचा संबंध आला. पुढे मार्शल अमेरिकेचा सैन्यप्रमुख झाला आणि अखेरपर्यंत स्टिलवेलचा पाठीराखा राहिला.

मार्च १९४२ मध्ये स्टिलवेल चुंगकिंगला (आजचे चोंगछिंग) रुजू झाला तेव्हा त्याच्या अंगावर कोणकोणती कामे होती? तो चँगचा चीफ ऑफ स्टाफ होता, म्हणजे चँगच्या हुकुमाचा बांधलेला. तो या क्षेत्रातील अमेरिकन सैन्याचा सेनापती होता, म्हणजे वॉशिंग्टनला जबाबदार. आणि चीनला मिळणाऱ्या लेंड-लीजच्या युद्धसामग्रीचे वाटप त्याच्या देखरेखीखाली होते, म्हणजे ज्याची चाकरी करावयाची त्याच्याच कोठाराची किल्ली याच्या कनवटीला. जुलै १९४२ मध्ये चिनी सरकारने काही वाहतुकीची विमाने मागितली, तेव्हा स्टिलवेलने चँगला लेखी कळविले की, या बाबतीत आपण अमेरिकेच्या अध्यक्षाचे प्रतिनिधी असून चीफ ऑफ स्टाफ या नात्याने आपणांस हुकूम करता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे निर्वेध होते. पण आपल्याच चीफ ऑफ स्टाफकडून असे उत्तर मिळाल्यावर कोणत्या राष्ट्रप्रमुखाला ते मानवले असते? ब्रिटन आणि रशिया यांना मिळणाऱ्या सामग्रीवर असा पहारेकरी बसविलेला नव्हता, ही गोष्ट चँगने मनात ठेविली होती. त्यातही एकूण लेंड-लीजचा चीनच्या वाट्याला येणारा अंश अत्यल्प होता.

ब्रह्मदेशातील १९४२ ची मोहीम हा या विसंगतीचा पहिला अनुभव होय. ८ मार्च रोजी रंगून पडले. रंगून बंदरातून लाशिओमार्गे युनानला जाणारा रस्ता हा चीनचा बाह्य जगाशी असलेला अखेरचा खुष्कीचा दुवा होता. तो वाचविण्यासाठी चँगने आपली उत्तम सैन्यदले ब्रह्मदेशात पाठविली. त्यांचे सेनापतिपद आपणांस दिले आहे अशी स्टिलवेलची समजूत होती. वस्तुतः चिनी सेनाधिकाऱ्यांना चँगचे हुकूम चुंगकिंगहून परस्पर येत राहिले आणि स्टिलवेलच्या आज्ञा त्या हुकमांशी ताडून पाहिल्याशिवाय अमलात येत नसत. वर सबंध ब्रह्मदेशासाठी ब्रिटिश जनरल अलेक्झांडर होताच. टौंगू येथे ताय आन-लान याच्या २०० व्या डिव्हिजनने मार्चअखेरपर्यंत शर्थीची लढाई दिली, परंतु तिला कुमक पोहोचविण्याचा स्टिलवेलचा बेत फसला. चँगचे मत असे की, उपलब्ध बळावर दक्षिणेकडे चढाई करणे हा जुगार असून मंडालेच्या आसपास बचाव धरावा. स्टिलवेलला यात भित्रेपणा दिसला. आज मागे वळून पाहता, हवाई संरक्षणावाचून आणि बाजू उघडी टाकून केलेल्या त्या चढाईविषयी चँगची शंका निराधार होती असे म्हणता येत नाही.

२९ एप्रिलला लाशिओ पडल्यावर सर्वच मोडले. शंभराहून थोडी अधिक माणसे बरोबर घेऊन स्टिलवेल जंगलातून पायी निघाला आणि २० मे रोजी इंफाळला पोहोचला. त्याच्या तुकडीतील एकही माणूस वाटेत दगावले नाही. दिल्लीस येऊन त्याने वार्ताहरांना सांगितले की, आम्ही सपाटून मार खाल्ला, ही मानहानीची गोष्ट आहे, आणि तो का खाल्ला हे शोधून परत जाऊन तो देश घेतला पाहिजे. सरकारी पत्रकांतील गुळमुळीत भाषेला कंटाळलेल्या अमेरिकन वाचकाला हा स्पष्टवक्तेपणा इतका भावला की, एका पराभूत सेनापतीचा तो एका दिवसात लोकनायक झाला. परंतु त्याच दिवसांत ज्या चिनी सैन्याचा तो सेनापती म्हणवीत होता त्यातील हजारो शिपाई उत्तर ब्रह्मदेशाच्या अरण्यात भुकेने व तापाने मरत होते, आणि ताय आन-लान याचाही माघारीत जखमी होऊन मृत्यू झाला. चुंगकिंगमध्ये त्या पायी प्रवासाचा अर्थ निराळा लावला गेला : सेनापती आपले सैन्य सोडून दुसऱ्या देशात निघून गेला. एकाच घटनेची ही दोन वाचने पुढे कधीच एकत्र आली नाहीत.

खुष्कीचा मार्ग बंद झाल्यावर राहिला तो आकाशमार्ग. आसामातील छबुआ, दिनजान इत्यादी तळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील शाखा ओलांडून कुनमिंगला जाणाऱ्या या मार्गाला वैमानिक ‘हम्प’, म्हणजे उंटाचे मदार, म्हणत. १९४२ च्या पावसाळ्यात या मार्गाने महिन्याकाठी काही शे टन मालच जाऊ शकत होता. दहा हजार टनांचा पल्ला गाठावयास डिसेंबर १९४३ उजाडावा लागला. सेनानायकांच्या भांडणाची भाषा डावपेचांची असली तरी त्याचा हिशेब टनांत होता. एका बाजूस नेलेला प्रत्येक टन हा दुसऱ्याच्या तोंडचा घास होता. जून १९४२ च्या अखेरीस ईजिप्तमधील संकटामुळे हिंदुस्थानातील अमेरिकन बाँबफेकी विमाने तिकडे वळविण्यात आली, तेव्हा चँगने संतापून तीन मागण्या केल्या : अमेरिकेच्या तीन डिव्हिजन्स, पाचशे विमाने आणि हम्पवरून दरमहा पाच हजार टन सामग्री. मागण्या कळविण्याचे काम स्टिलवेलचे आणि त्या पुऱ्या होत नाहीत हे सांगण्याचेही काम त्याचेच.

या तुटवड्यातच क्लेअर शेनॉल्टशी त्याचे वैर वाढले. ‘फ्लाइंग टायगर्स’चा हा नायक पुढे चौदाव्या विमानदलाचा प्रमुख झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये वेंडेल विल्की चुंगकिंगला आला असता शेनॉल्टने त्याच्या हाती पत्र दिले की, १०५ लढाऊ, ३० मध्यम आणि १२ अवजड बाँबफेकी विमाने सतत उपलब्ध राहिली तर आपण जपानचा पाडाव घडवून आणू. १४७ विमानांत जपान जिंकण्याची ही प्रतिज्ञा वाचून आज हसू येते; परंतु चँगला ती पटली, कारण तीत त्याच्या सैन्याची पुनर्रचना करावी लागत नव्हती. स्टिलवेलची योजना उलट होती. निवडक चिनी डिव्हिजन्स नव्याने शिकवून, शस्त्रसज्ज करून, उत्तर ब्रह्मदेशातून रस्ता उघडावयाचा. यात कोणत्या चिनी सेनापतीला शस्त्रे मिळावयाची आणि कोणाला नाही, हे एक परकी माणूस ठरविणार होता. आणि चँगची सत्ता तर प्रांतोप्रांतीच्या सेनापतींच्या तोलावर उभी होती. हा प्रश्न सैनिकी कार्यक्षमतेचा आहे असे स्टिलवेल अखेरपर्यंत मानीत राहिला, हा त्याच्या बुद्धीचा मोठाच दोष म्हणावा लागेल.

मे १९४३ च्या वॉशिंग्टन परिषदेत दोघेही बोलाविले गेले. स्टिलवेलला मुद्दा मांडता आला नाही. रूझवेल्टने कौल शेनॉल्टच्या बाजूने दिला. त्या वादात स्टिलवेलने एक इशारा मात्र दिला होता : विमानहल्ल्यांनी जपान्यांना खरोखरच इजा होऊ लागली की ते जमिनीवरून येऊन विमानतळच ताब्यात घेतील, आणि ते राखावयास लायक पायदळ तेथे असणार नाही. एप्रिल १९४४ मध्ये सुमारे पाच लाख जपानी सैन्याने ‘इचि-गो’ मोहीम सुरू केली, तेव्हा नेमके तसेच घडले.

त्याच्या पदरी पडलेले निर्विवाद यश पाहावयाचे तर रामगढला जावे लागते. तेव्हाच्या बिहारमधील, आजच्या झारखंडमधील, हे गाव आपणांस १९४० च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक आहे. तेथेच दोन वर्षांनंतर, इटालियन युद्धकैद्यांसाठी वापरलेल्या छावणीत, ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात आलेल्या चिनी सैन्याचे शिक्षण सुरू झाले. हम्पवरून माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या विमानांतून नवे चिनी शिपाई येऊ लागले. शस्त्रे व शिक्षक अमेरिकेचे, अन्न व निवारा हिंदुस्थान सरकारच्या खर्चाने, माणसे चीनची. पोटभर जेवण, औषधपाणी आणि पगार थेट शिपायाच्या हाती, या तीन गोष्टींनी जे घडले ते पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले. सुन लि-जेनच्या ३८ व्या डिव्हिजनने १९४३ च्या अखेरीपासून हुकाँग खोऱ्यात जपानच्या नाणावलेल्या १८ व्या डिव्हिजनला मागे रेटले. चिनी शिपाई चांगला लढेल हा स्टिलवेलचा वीस वर्षांचा सिद्धान्त येथे सिद्ध झाला. तथापि रामगढला जे शक्य झाले ते चुंगकिंगच्या राजकारणापासून दूर, परक्या भूमीवर, परक्या पैशाने. युनानमध्ये तोच प्रयोग अडखळत चालला.

ब्रिटिशांशी असलेले वितुष्ट निराळ्या मुळातून आले होते. अमेरिकेला उत्तर ब्रह्मदेश हवा होता तो चीनला रस्ता मिळावा म्हणून. ब्रिटनची नजर मलाया आणि सिंगापूरकडे होती, आणि तो रस्ता पुरा होईतो युद्धच संपेल असे त्यांचे सेनाधिकारी म्हणत. ऑगस्ट १९४३ मध्ये माउंटबॅटनच्या हाताखाली आग्नेय आशिया कमान स्थापन झाली आणि स्टिलवेल तिचा उपसरसेनापती झाला. नोव्हेंबरमध्ये कैरो येथे चँगला बंगालच्या उपसागरात नाविक चढाई करण्याचे आश्वासन देण्यात आले. तेहरानहून परतल्यावर, डिसेंबरमध्ये, ते मागे घेण्यात आले. मग चँगनेही युनानमधील सैन्य पुढे टाकावयास नकार दिला. वचन मोडले रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी. त्याचा जाब चुंगकिंगमध्ये द्यावा लागला स्टिलवेलला.

अधिकारांचा गोंधळ किती विकोपास गेला होता याचे उत्तम उदाहरण स्लिमने ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ या १९५६ च्या ग्रंथात दिले आहे. उत्तर ब्रह्मदेशातील चिनी-अमेरिकन सैन्याचा सेनापती या नात्याने स्टिलवेल हा जनरल गिफर्डच्या हाताखाली येत होता. उपसरसेनापती या नात्याने तो गिफर्डच्या वरचा होता. गिफर्डचा हुकूम मानावयास त्याने साफ नकार दिला. बैठकीत बराच वेळ खल झाल्यावर, कामैंगला पोहोचेपर्यंत आपण स्लिमच्या हुकमतीखाली राहू, असे त्याने स्वतःच सुचविले, आणि हा स्लिम तर गिफर्डचाच ताबेदार! व्यवहारात ही तोड चालली, कारण त्या दोन सेनानींचे जमत असे. ३ एप्रिल १९४४ रोजी, जपानी सैन्याने इंफाळ-कोहिमावर घाला घातलेला असताना (सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण याच हल्ल्याच्या तोंडी सापडली होती), जोरहाटच्या बैठकीत स्टिलवेलने आपली ३८ वी डिव्हिजन स्लिमच्या मदतीस देऊ केली. तसे झाले असते तर त्याची स्वतःची मोहीम बुडाली असती. स्लिमने ती घेतली नाही. ‘ब्रिटिशद्वेष्टा’ या एका शब्दात स्टिलवेलला बसविणाऱ्यांनी ही बैठक विसरू नये.

परंतु त्या उन्हाळ्यात त्याच्या हातून जे घडले त्याचे समर्थन करता येत नाही. १७ मे रोजी मेरिलच्या अमेरिकन तुकडीने व चिनी पलटणींनी मितकिना येथील धावपट्टी अचानक काबीज केली. गाव मात्र ३ ऑगस्टपर्यंत पडले नाही. सुमारे तीन हजारांची ती अमेरिकन तुकडी आमांश आणि ज्वराने पोखरून निघाली होती. बरे न झालेले शिपाई इस्पितळातून परत आघाडीवर धाडण्यात आले. ब्रिटिशांची चिंडिट दलेही याच सुमारास त्याच्या हुकमतीखाली आली होती. हलकी शस्त्रे घेऊन शत्रूच्या पिछाडीस लढण्यासाठी घडविलेल्या या दलांना त्याने पक्क्या मोर्चांवर घातले. कॅल्व्हर्टच्या ब्रिगेडने भयंकर हानी सोसून जूनअखेरीस मोगाँग घेतले, तर बीबीसीने ते चिनी-अमेरिकन सैन्याने घेतल्याचे जाहीर केले. १११ व्या ब्रिगेडची अखेर वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा सुमारे २,२०० पैकी ११८ जण लढावयास लायक निघाले. हे आकडे त्या ब्रिगेडचे नेतृत्व करणाऱ्या जॉन मास्टर्सने नोंदविले आहेत.

स्टिलवेलने असे का केले? क्रौर्य हे उत्तर सोपे आहे. अमेरिकन लष्कराच्या अधिकृत इतिहासातील विवरण अधिक पटते : अमेरिकन शिपायांना विश्रांती द्यावी तर चिंडिटांना आणि चिन्यांना कोणत्या तोंडाने लढत राहा म्हणून सांगावे? तीन राष्ट्रांच्या सैन्यांवर एकाच वेळी अधिकार चालविणाऱ्याला, कोणा एकावर दया करणे म्हणजे पक्षपात ठरत होता. कारण समजते, मेलेल्यांच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही.

शेवटचा अंक चुंगकिंगमध्ये झाला. एप्रिलमध्ये लेंड-लीज तोडण्याची धमकी देऊन रूझवेल्टने युनानचे सैन्य हलविले आणि ११ मे रोजी त्याने सालवीन नदी ओलांडली. म्हणजे चीनची चांगली सैन्यदले ब्रह्मदेशाकडे तोंड करून उभी असताना इचि-गोचा लोंढा मध्य चीनमध्ये शिरत होता. १८ जूनला चांगशा पडले. हेंगयांगने ४७ दिवस झुंज दिली आणि ८ ऑगस्टला तेही पडले; तेथे लढणाऱ्या सैन्याला हम्पवरील सामग्रीतून शस्त्रे द्यावीत ही शेनॉल्टची मागणी स्टिलवेलने मानली नाही. त्याचा इशारा खरा ठरला होता. पण इशारा खरा ठरणे आणि बुडणाऱ्याला हात नाकारणे या निराळ्या गोष्टी आहेत. जुलैमध्ये रूझवेल्टने सर्व चिनी सैन्य स्टिलवेलच्या हुकमतीखाली देण्याची सूचना केली. चँगने तत्त्वतः होकार देऊन तपशिलात वेळ काढला. येनानच्या कम्युनिस्ट सैन्यालाही शस्त्रे देऊन लढवावे, हा स्टिलवेलचा विचार त्याला सर्वांत अधिक बोचत होता.

१९ सप्टेंबर रोजी रूझवेल्टची तार आली. मार्शलच्या कचेरीत तयार झालेल्या या मजकुरात चँगने विलंब न लावता स्टिलवेलला निर्बंधरहित अधिकार द्यावेत, अन्यथा परिणामांची जबाबदारी त्याच्यावर राहील, अशी भाषा होती. अध्यक्षाचा दूत हर्ली तेथे हजर होता; मजकूर सौम्य करून आपण तोंडी सांगावा असे त्याने सुचविले. स्टिलवेलने ऐकले नाही. त्याने ती तार भर बैठकीत स्वतः चँगच्या हाती दिली, आणि त्या रात्री दैनंदिनीत विजयोत्सव केला. तो एका आठवड्याचा ठरला. २५ सप्टेंबरला चँगने त्याला परत बोलाविण्याची औपचारिक मागणी केली. सार्वभौम राष्ट्राच्या प्रमुखाने आपला चीफ ऑफ स्टाफ नको म्हटल्यावर रूझवेल्टपुढे मार्ग उरला नाही. निरोपाच्या वेळी चँगने देऊ केलेला चीनचा सर्वोच्च सन्मान नाकारून स्टिलवेल २१ ऑक्टोबरला चुंगकिंगहून निघाला.

आता साधनांविषयी. स्टिलवेल १९४६ मध्ये वारला आणि १९४८ मध्ये त्याची टिपणे व पत्रे ग्रंथरूपाने निघाली. त्यात चँगचा उल्लेख ‘पीनट’, म्हणजे शेंगदाणा, असा येतो. रोजच्या रोज ओतलेला हा राग वाचावयास इतका रसाळ आहे की पुढील पंचवीस वर्षांचा इतिहास त्याच्या रंगात रंगला. बार्बरा टकमनचा १९७१ चा गाजलेला ग्रंथही त्यातून सुटला नाही. चँगची बाजू मांडणारा लिआंग चिन-तुंगचा ग्रंथ १९७२ मध्ये इंग्रजीत आला, पण तो थोड्यांनीच वाचला. चँगच्या दैनंदिन्या २००६ पासून स्टॅनफर्ड येथील हूव्हर संस्थेत टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या. व्हॅन डी व्हेन, जे टेलर, राणा मित्तर यांच्या लेखनाने काटा आता दुसऱ्या बाजूस झुकविला आहे. मित्तरच्या चित्रात स्टिलवेल हा हट्टी व अननुभवी सेनापती म्हणून दिसतो. संशोधकाने येथे सावध असावे. एका दैनंदिनीचा पक्षपात दुसऱ्या दैनंदिनीने फिटत नाही. सामग्रीच्या टनांची कोष्टके आणि हुकमांच्या नकला यांना राग-लोभ नसतो.

स्वभावापेक्षा पदाची रचना कलहाला अधिक कारणीभूत होती, या आमच्या विधानाची परीक्षा वेडेमायरच्या कारकिर्दीवर करता येते. त्याचे चँगशी बरे जमले. तो मृदुभाषी होता हे खरे. पण त्याच्यावर ब्रह्मदेशाची जबाबदारी नव्हती. डिसेंबर १९४४ मध्ये चीनमधील संकट पाहून त्याने दोन चिनी डिव्हिजन्स ब्रह्मदेशातून चीनमध्ये परत आणविल्या. स्टिलवेलला हे करणे म्हणजे आपलीच मोहीम मोडणे होते. शिवाय मितकिना हाती आल्यामुळे हम्पची विमाने दक्षिणेकडील कमी उंचीच्या मार्गाने जाऊ लागली आणि जुलै १९४५ मध्ये मासिक वाहतूक ७१,००० टनांवर गेली. ज्या तुटवड्याने भांडणे पेटविली तो तुटवडाच राहिला नाही. ही सोय स्टिलवेलच्या त्या रक्तबंबाळ उन्हाळ्याने करून ठेवली होती, हेही नमूद केले पाहिजे.

लेडोहून निघालेला रस्ता जानेवारी १९४५ मध्ये पुरा झाला. त्यावर राबलेल्या अमेरिकन सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्या जोडीला हिंदी व चिनी मजूर. पहिला ताफा ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. विमानांच्या मानाने त्या रस्त्याने गेलेला माल थोडाच होता. त्याला ‘स्टिलवेल रस्ता’ हे नाव चँग कै-शेकने दिले.